मुदतीचा पाहुणा

जपानात इंग्रजी शिकविण्यासाठी पगारावर गेलेल्या परदेशी तरुणतरुणींविषयी जे काही लिहिले आणि बोलले जाते, त्यात दोन सूर नेहमी ऐकू येतात. एक सूर तक्रारीचा : ही मंडळी अध्यापनाचे शिक्षण घेतलेली नसतात, दोनतीन वर्षे मजेत काढतात, सुट्टी लागताच पाठीवर पिशवी टाकून भटकायला निघतात आणि निघून जातात तेव्हा वर्गात त्यांची खूण राहत नाही. दुसरा सूर कौतुकाचा : त्यांच्यामुळे दूरच्या डोंगराळ गावातील मुलाला परक्या देशाचा जिवंत माणूस पाहावयास मिळतो, आणि एवढ्यानेही पुष्कळ काही साधते. मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. कारण दोघांचेही लक्ष माणसाच्या स्वभावाकडे असते, आणि ज्या करारनाम्याने त्या माणसाला तेथे नेऊन बसविले त्या करारनाम्याकडे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की, परदेशी इंग्रजी शिक्षकाला जपानने गेली दीडशे वर्षे अत्यंत सौजन्याने, पुष्कळदा उदारपणे, परंतु निश्चयपूर्वक पाहुणा म्हणूनच ठेवले आहे. पाहुण्याला मान मिळतो, अखत्यार मिळत नाही. आणि ज्याला अखत्यार नाही त्याच्याकडून शिक्षकाच्या कामाची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर आणि त्याच्या विद्यार्थ्यांवर सारखाच अन्याय आहे.

या परंपरेचा आद्य पुरुष तर कैदीच होता. स्कॉटिश बाप आणि चिनूक जमातीची आई यांच्या पोटी 1824 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जन्मलेला रॅनल्ड मॅकडॉनल्ड 1848 साली देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजावरून आपण होऊन उतरला, लहानशा होडीतून एकटाच होक्काइदोच्या उत्तरेकडील रिशिरी बेटापर्यंत आला, आणि त्या काळी परक्यांना देशबंदी असल्यामुळे पहाऱ्यात नागासाकीस रवाना झाला. तेथे एका मंदिराच्या आवारातील कोठडीत त्याला ठेवण्यात आले, आणि सरकारी दुभाष्यांपैकी चौदा जण त्याच्यासमोर बसून इंग्रजी उच्चार गिरवू लागले. पुढल्या वर्षी अमेरिकन युद्धनौका येऊन त्याला घेऊन गेली. त्याच्या शिष्यांतील मोरियामा एइनोसुके याने 1854 मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाष्याचे काम केले, यावरून त्या कोठडीतले अध्यापन वाया गेले नाही हे उघड आहे. परंतु ज्ञान हवे आणि ज्ञान देणारा गजांपलीकडे हवा, ही जी मांडणी तेथे प्रथम दिसली, तिच्यातील गज पुढे गेले तरी अंतर गेले नाही.

मेजी राजवटीत हे अंतर राज्यनीतीचा भाग झाले. अभियंते, वैद्य, कायदेपंडित आणि भाषाशिक्षक यांना सरकारने भारी मुशाहिऱ्यावर आणि ठरावीक मुदतीवर पाचारण केले. त्यांना राहावयास बंगले दिले, त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले, आणि युरोप-अमेरिकेत शिकून आलेले स्वकीय तयार होताच त्यांना सन्मानपूर्वक निरोप दिला. साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात 1876 मध्ये आलेले विल्यम क्लार्क तेथे जेमतेम आठ महिने होते. आजही त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते. या धोरणाला नावे ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. ज्या काळी आपल्याकडे इंग्रजी शिकविणारा साहेब हा राज्यकर्त्यांचा माणूस म्हणून व्यासपीठावर उभा होता, त्या काळी जपानने त्याच विद्येसाठी साहेबाला चाकरीस ठेवले आणि मुदत संपताच हिशेब चुकता केला, हे स्वातंत्र्य टिकवू पाहणाऱ्या राष्ट्राचे शहाणपणच होते. प्रश्न असा आहे की, जे संकटकाळी शहाणपण होते ते संकट टळल्यावरही सवय म्हणून का राहिले.

या सवयीचा दाह ज्याने सर्वांत खोलवर अनुभवला तो लाफकादिओ हर्न. 1890 च्या उन्हाळ्याअखेर तो मात्सुएच्या सरकारी शाळेत महिना शंभर येनांवर रुजू झाला. पुढे कुमामोतोला गेला, आणि 1896 मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक झाला. परदेशीयांना अंतर्भागात फिरण्यासाठी तेव्हा परवाना लागे, आणि ही अट 1899 पर्यंत टिकली. तरीही शाळेतून मोकळा होताच हर्न इझुमोची देवळे, ओकीची बेटे, मासेमाऱ्यांची खेडी पाहत हिंडला, आणि त्या हिंडण्यातून जी पुस्तके झाली त्यांनीच पाश्चात्त्यांना जपान दाखविले. भटका शिक्षक हा वाईट शिक्षक असतो ही समजूत खोडण्यास एवढे एकच उदाहरण पुरे आहे. त्याने कोइझुमी सेत्सु हिच्याशी विवाह केला, जपानी प्रजाजन होऊन कोइझुमी याकुमो हे नाव घेतले, म्हणजे पाहुण्याने घरचा माणूस होण्यासाठी जे जे करणे शक्य ते सर्व केले. तरीही 1903 मध्ये विद्यापीठाने त्याला पुढे चालू ठेवले नाही. विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी चळवळ केली, ती व्यर्थ गेली. त्याच्या जागी लंडनहून परतलेले नात्सुमे सोसेकी आले. ते पुढे आधुनिक जपानी कादंबरीचे अध्वर्यू झाले, म्हणजे निवड अपात्राची झाली असे म्हणता येणार नाही. पण ज्याने आपले नाव, नागरिकत्व आणि आयुष्य त्या देशाला दिले, त्याचीही जागा शेवटी मुदतीचीच ठरली, हे विसरता येत नाही. हर्न पुढच्याच वर्षी वारला.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. 1987 मध्ये जपान सरकारने जेट या नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून 848 तरुण आले. ब्रिटिश व अमेरिकन पदवीधरांना शाळांत नेमण्याचे लहान उपक्रम त्याआधी दहा वर्षे चालू होते. परंतु अमेरिकेशी व्यापारातील तेढ विकोपास गेली असताना, जपान जगाला दारे उघडीत आहे हे दाखविण्याची निकड भासली, आणि या कल्पनेचा पुढाकार शिक्षण खात्याकडे नसून स्थानिक कारभार पाहणाऱ्या गृहखात्याकडे होता. ही गोष्ट मला अतिशय महत्त्वाची वाटते. ज्या योजनेची जननी मुत्सद्देगिरी, तिला उमेदवार मुत्सद्देगिरीचेच हवे होते : कोणत्याही विषयातील पदवी चालेल, अध्यापनाचा दाखला नको, जपानी भाषा नको, प्रसन्न वृत्ती आणि स्वदेशाविषयी बोलण्याची हौस असली म्हणजे झाले. आजवर सत्तर हजारांहून अधिक लोक या मार्गाने जाऊन आले आहेत. त्यांपैकी बहुसंख्यांच्या पदाचे नाव असिस्टंट लँग्वेज टीचर, म्हणजे एएलटी. करार एका वर्षाचा, आणि नूतनीकरण होत गेले तरी साधारणतः पाच वर्षांपलीकडे नाही.

हा एएलटी सकाळी शाळेत येतो तेथून त्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. दारात बाहेरचे जोडे काढून आतले जोडे घालावयाचे आणि शिक्षकांच्या मोठ्या दालनात शिरताना सर्वांना उद्देशून प्रातःकालचा नमस्कार मोठ्याने म्हणावयाचा. तेथे शिक्षकांची मेजे समोरासमोर जोडून मांडलेली असतात, आणि कोण कोणाशेजारी बसतो यात इयत्तांची आणि अधिकाराची सारी रचना वाचता येते. सकाळची बैठक वेगाने, जपानीत, उपमुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली उरकते. तिच्यातील निम्मे त्याला कळत नाही, आणि त्याला कळावे अशी कोणाची फारशी अपेक्षाही नसते. वर्गात त्याने धडा मोठ्याने वाचावयाचा, मुलांनी मागून म्हणावयाचा. स्वतःला ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणण्याची त्यांच्यात रीतच आहे. धड्याचा अर्थ, व्याकरण, गृहपाठ, गुण हे सर्व जपानी शिक्षकाकडे. दुपारी मात्र दृश्य पालटते. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली मुलेच वर्गात जेवण आणून वाढतात. भात, कालवण, मासा आणि दुधाची बाटली असे सर्वांचे ताट एकच. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. तो परदेशी शिक्षक लहान खुर्चीत गुडघे दुमडून चार मुलांच्या गटात बसतो, आणि जी मुलगी सकाळच्या तासाला तोंडातून शब्द काढीत नव्हती ती आता त्याच्या ताटातील न आवडलेल्या भाजीकडे बोट दाखवून विचारते की, तुमच्या देशात हे खात नाहीत काय? त्यानंतर बादल्या आणि फडकी घेऊन शाळाच शाळा झाडते, आणि तोही तिच्याबरोबर ओणवा होतो. भाषा शिकण्याची खरी निकड या दोन प्रसंगी उत्पन्न होते. आणि या प्रसंगांची नोंद ना अभ्यासक्रमात होते ना त्याच्या कामाच्या मूल्यमापनात.

मूल्यमापन कशाचे व्हावयाचे हे परीक्षा ठरवते. जपानी मुलाचे भवितव्य प्रवेशपरीक्षांवर अवलंबून असते. राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग 2006 मध्ये आला, आणि संभाषणाची कसोटी खाजगी संस्थांच्या परीक्षांमार्फत आणण्याचा बेत 2019 च्या नोव्हेंबरात ऐन वेळी पुढे ढकलला जाऊन पुढे सोडून देण्यात आला. त्याला कारणही क्षुल्लक नव्हते : परीक्षाशुल्क आणि शहरापर्यंतचा प्रवास गरिबाच्या आणि खेड्यातल्या मुलाला झेपणार नाही, ही हरकत रास्तच होती. पण परिणाम असा की, जे एक कौशल्य शिकविण्यासाठी परदेशी माणूस आणला त्याच कौशल्याला सर्वांत निर्णायक परीक्षेत गुण नाहीत. टोकियो महानगराने अलीकडे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातील मुलांसाठी संभाषणपरीक्षा सुरू केली आहे, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल. तरी ज्या वर्गात शिक्षक, पालक आणि मूल तिघांनाही गुण कोठे आहेत हे पक्के ठाऊक असते, तेथे एएलटीचा तास विरंगुळ्याचा तास होणे अटळ आहे.

याहून विलक्षण गोष्ट ठेक्याची आहे. जेटमधून माणूस आणणे ज्या नगरपालिकांना महाग किंवा जिकिरीचे वाटते, त्या खाजगी कंपन्यांकडून एएलटी घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी हा व्यवहार काम ठेक्याने सोपविण्याच्या स्वरूपाचा असतो. अशा ठेक्यात कामगाराला हुकूम देण्याचा हक्क ठेकेदार कंपनीचा. शाळेने त्याला परस्पर सूचना दिली तर तो छुप्या मजूरपुरवठ्याचा प्रकार ठरून कायद्याचा भंग होतो. म्हणजे एकाच फळ्यासमोर उभे असलेले दोन शिक्षक, आणि त्यांतील जपानी शिक्षकाने परदेशी सहकाऱ्याला ‘हा परिच्छेद पुन्हा वाचा’ एवढे सांगणेही कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह! शिक्षण खात्याने या बाबतीत स्थानिक शिक्षण मंडळांना ताकीद दिलेली आहे. दोघांनी मिळून शिकविण्याच्या पद्धतीचा गवगवा करावयाचा आणि दोघांनी एकमेकांशी बोलू नये असा करार करावयाचा, यात जी विसंगती आहे ती कोणा आळशी तरुणाच्या माथी मारता येणार नाही.

शाळेबाहेर, शहरांतील संभाषणवर्गांच्या धंद्यात, पाहुणचाराचे उरलेसुरले पांघरूणही गळून पडते. जपानात घर भाड्याने घ्यावयाचे तर जामीनदार लागतो; ओळखीपाळखी नसलेल्या परदेशी माणसाला जामीन कोण राहणार? म्हणून त्याला नोकरीवर ठेवणारी कंपनीच घर देते आणि भाडे पगारातून कापते. 2007 च्या ऑक्टोबरात नोव्हा ही त्या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा या सोयीचे खरे रूप उघडे पडले. सुमारे चार हजार परदेशी शिक्षकांचे पगार थकले. आणि पगारातून कापलेले भाडे घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून अनेकांच्या हाती घर रिकामे करण्याच्या नोटिसा पडल्या. जेवणाच्या मोबदल्यात शिकवणी देण्याची वेळ काहींवर आली. ज्यांनी आगाऊ शुल्क भरले होते त्या लाखो जपानी विद्यार्थ्यांचेही नुकसान झाले, आणि ते मी कमी लेखत नाही. पण नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जावे, ही अवस्था ज्याच्या वाट्याला येते त्याला समाजाने अजून उंबऱ्याच्या आत घेतलेले नाही, असेच म्हटले पाहिजे.

आता त्या बहुनिंदित प्रवासाविषयी. शाळांना सुट्टी लागते त्या मोसमात जपानची रेल्वे ‘सेइशुन जूहाची’ नावाचे स्वस्त तिकीट विकते. 1982 पासून चालत आलेल्या या तिकिटावर शिंकान्सेन वा एक्सप्रेस गाड्यांत बसता येत नाही, साध्या गाड्यांतून मात्र दिवसभर कितीही फिरता येते. टोकियोहून सकाळी निघालेला माणूस आतामी, हामामात्सु, तोयोहाशी, माइबारा अशा ठिकाणी गाड्या बदलीत रात्री ओसाकाला पोचतो. शिंकान्सेन जे अंतर अडीच तासांत तोडते त्याला सगळा दिवस लागतो. परंतु त्या दिवसात शाळकरी मुलांचे घोळके चढतात उतरतात, म्हाताऱ्या बाया संत्री सोलून शेजाऱ्याला देतात, चहाचे मळे आणि कारखान्यांची धुराडी आळीपाळीने खिडकीतून जातात, आणि पाठ्यपुस्तकात कधीही न आलेली जपानी भाषा कानावर पडते. कोणी शिकोकू बेटावरील अठ्ठ्याऐंशी देवळांच्या परिक्रमेचा सुमारे बाराशे किलोमीटरांचा मार्ग सुट्ट्यासुट्ट्यांत तुकड्यांनी चालतो, कोणी जुलैत वाट उघडताच फुजीवर चढतो. परत येताना प्रत्येक सहकाऱ्यासाठी त्या त्या गावच्या मिठाईची एकेक वडी आणून मेजावर ठेवावयाची असते. आणि ही रीत जो चुकवीत नाही त्याच्याशी, महिनोन् महिने न बोललेला गणिताचा शिक्षकसुद्धा, त्या वडीच्या गावाविषयी चार शब्द बोलतो. ज्याला पुढच्या एप्रिलमध्ये आपण कोठे असू हे ठाऊक नाही, ज्याच्या पदाला बढतीची वाट नाही, ज्याचे मत अभ्यासक्रमाच्या बैठकीत विचारले जात नाही, त्याने हाती असलेल्या मुदतीत देश डोळे भरून पाहून घ्यावा, यात मला तरी काही गैर दिसत नाही. हे भटकणे म्हणजे त्या करारनाम्याला दिलेले समंजस उत्तर आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. बावीस वर्षांच्या, अध्यापनाचा गंध नसलेल्या पदवीधराला परीक्षेचे आणि अभ्यासक्रमाचे अधिकार कोणते राष्ट्र देईल? जपानी शिक्षक परवान्यासाठी शिकतो, स्पर्धेतून निवडला जातो, दर काही वर्षांनी एप्रिलच्या बदलीच्या यादीत आपले नाव शोधतो आणि मुकाट्याने नव्या गावी जातो; त्याने मिळविलेला अखत्यार पाहुण्याच्या हाती का द्यावा? मी याला इतकेच उत्तर देईन की, अननुभवी माणूस ही या योजनेची अडचण नव्हे, ती तिची निवड आहे. अनुभवी परदेशी शिक्षकांना देता येईल असा विशेष परवाना जपानच्या कायद्यात 1980 नंतरच्या दशकातच आला. तो हात राखून दिला जातो. जे पाच वर्षे राहून, भाषा शिकून, त्या गावचे झालेले असतात, त्यांना नेमके त्याच वेळी निरोपाचा समारंभ करून वाटेला लावले जाते, आणि त्यांच्या रिकाम्या मेजावर पुन्हा एक नवखा येऊन बसतो. बदलीच्या यादीत नाव असणे जाचक असेल. पण ते त्या संस्थेचे असल्याचे चिन्ह आहे. एएलटीचे नाव त्या यादीत नसते. त्या मंडळींत एक वाक्य फार प्रचलित आहे, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. कोणाला मुख्याध्यापक चांगला लाभतो, कोणाला नाही. वाक्य खरे आहे, पण सारे काही नशिबावर सोडून ते रचनेला दोषमुक्त करते.

आणि पाहुणे म्हणून आणलेले हे लोक पाहुण्यासारखे वागतातच असेही नाही. 11 मार्च 2011 च्या भूकंपात आणि त्सुनामीत जेटचे दोन अमेरिकन शिक्षक मृत्युमुखी पडले, एक रिकुझेनताकाता येथे आणि एक इशिनोमाकी येथे. इशिनोमाकीची ती चोवीस वर्षांची शिक्षिका मुले पालकांच्या हाती जाईपर्यंत शाळेत थांबली आणि मग सायकलने घराकडे निघाली. तिच्या आईवडिलांनी पुढे निधी उभारून त्या शहरातील शाळांना इंग्रजी पुस्तके आणि लाकडी कपाटे दिली. ती कपाटे ज्या सुताराने केली त्याची स्वतःची तीनही मुले त्याच लाटेत गेली होती. करारनाम्याने ज्यांना एकमेकांपासून दूर ठेवले होते, त्यांना शोकाने एका कामात आणले. यासाठी शोकाची गरज पडू नये, एवढेच माझे मागणे आहे.

या प्रश्नाला मराठी माणसाचाही एक धागा आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर 2019 मध्ये निवडून आले, आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातील एका जुन्या, नामांकित सरकारी उच्च माध्यमिक विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. ते होऊ शकले याला त्यांची योग्यता कारण आहेच. पण त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतले होते हेही कारण आहे. 1991 च्या शिक्षण खात्याच्या सूचनेनुसार सरकारी शाळेत परदेशी नागरिक बेमुदत व्याख्याता होऊ शकतो, तो वर्ग सांभाळू शकतो, परंतु उपमुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापक होऊ शकत नाही. हा नियम जपानने बदलावा असे मला वाटते. तो बदलण्याचा हक्क अर्थात त्यांचा. पुण्यात आज शेकडो मुलेमुली जपानी शिकत आहेत, आणि त्यांतील काही उद्या तिकडच्या शाळांत इंग्रजी शिकवावयास जातील. त्यांनी जरूर जावे, देश पायी पाहावा, मुलांबरोबर जेवावे; मात्र सही करण्यापूर्वी करारनाम्यात तीन गोष्टी शोधाव्या : मुदत किती, घराला जामीन कोण, आणि वर्गात आपल्याला सूचना देण्याचा अधिकार कोणाचा.